उन्हाचें दुखणें कीं श्रमाचें?



नांदेड जिल्ह्यांतील भोकर हें तेलंगणाच्या शिवेजवळचें तालुक्याचें गांव. मुदखेडहून आदिलाबादकडे जाणारी रेल्वे याच गांवावरून जाते. वैशाखांतील दुपारीं बाजार ओस पडतो, गुरें झाडाखालीं उभीं राहतात. परंतु रुळांवरचा गँगमन, वीटभट्टीवरचा मजूर आणि रस्त्यासाठीं खडी फोडणारी बाई यांचें काम चालूच असतें. त्यांपैकीं कोणी घेरी येऊन पडलें, म्हणजे “ऊन लागलें” एवढेंच आपण म्हणतों. जणूं सारा अपराध सूर्याचाच! हें दुखणें उन्हाइतकेंच श्रमाच्या रीतीचेंही आहे, हें कळावयास बराच काळ लागला. त्याचा इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

आरंभ मुंबईच्या गिरण्यांपासून करूं. कोरड्या हवेंत सूत तुटतें. म्हणून विणकामाच्या खात्यांत हवा मुद्दाम दमट ठेवीत. डोक्यावर छप्पर असूनही तेथील कामगार घामानें निथळत असे. सन १८८४ च्या सप्टेंबरांत नारायण मेघाजी लोखंडे यांनीं गिरणी-कामगारांच्या सभा भरवून ५,५०० सह्यांचा अर्ज तयार केला. रविवारची सुटी, दुपारीं अर्ध्या तासाची विश्रांति आणि सूर्यास्ताबरोबर काम बंद, या त्यांतील प्रमुख मागण्या. रविवारची सुटी १८९० च्या जूनमध्यें गिरणीमालकांनीं मान्य केली, व १८९१ च्या फॅक्टरी कायद्यानें दुपारचा अर्धा तास बांधून दिला. ही मागणी माणुसकीची होती. तिच्यामागचें शास्त्र अजून पुरतें मांडलें गेलें नव्हतें.

तें काम जे. एस. हॉल्डेन या शास्त्रज्ञानें केलें. १९०५ सालीं त्यानें असें दाखविलें कीं, माणसाला किती उकाडा सोसवेल हें साध्या उष्णतामापकावरून कळत नाहीं. ज्याच्या पाऱ्याच्या टोकाला ओलें कापड गुंडाळलेलें असतें, त्या मापकावरून कळतें. कष्ट करणारें शरीर स्वतःच शेगडीसारखें तापतें, आणि घाम वाळला तरच तें निवतें. हवा दमट असली कीं घाम गळतो, पण वाळत नाहीं. म्हणजे गिरणीच्या सावलींतला धोका आणि खडीवरच्या उन्हांतला धोका हे एकाच कुळांतले ठरले.

दुसरा धडा खाणींनीं दिला. इंग्लंडांतील खोल, तप्त कोळसाखाणींत मजुरांना हातापायांत व पोटांत भयंकर पेटके येत. पाणी तर ते भरपूर पीत. मग असें कां? १९२३ च्या सुमारास मॉस व हॉल्डेन यांनीं उत्तर दिलें: घामाबरोबर मीठही जातें, आणि नुसत्या पाण्यानें तें भरून येत नाहीं. पाण्यांत थोडें मीठ घालून दिल्यावर पेटके थांबले. आमच्या घरच्या बायका मीठ घातलेलें ताक व ज्वारीची आंबील शेतावर पाठवीत आल्या, त्यांत हेंच शहाणपण होतें. कनवटीला बांधलेल्या कांद्याला मात्र तेवढें श्रेय देतां येत नाहीं.

तिसरा धडा अधिक कटु. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत मजूर उष्माघातानें मरूं लागले, तेव्हां असें आढळलें कीं, नवखा मजूर पहिल्या कांहीं दिवसांतच अधिक दगावतो. शरीराला उकाड्याची संवय व्हावयास एक-दोन आठवडे लागतात. म्हणून त्याला आरंभीं हलकें काम देऊन तें हळूहळू वाढविण्याची पद्धति तेथें रूढ झाली.

स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या फॅक्टरी कायद्यानें कारखान्यांत हवा खेळती व तापमान सोसवेल असें ठेवण्याचें, आणि २५० हून अधिक कामगार असतील तेथें उन्हाळ्यांत थंड पाणी देण्याचें बंधन घातलें. परंतु ज्याच्या डोक्यावर कारखान्याचें छप्पर नाहीं, त्याच्यापर्यंत हा कायदा पोंचला नाहीं.

१९७२ च्या दुष्काळानें ही उणीव उघडी पडली. १९७३ च्या मे महिन्यांत महाराष्ट्रांतील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसें होतीं. खडी, नाला-बंडिंग, पाझर तलाव, रस्ते, सगळें काम ऐन उन्हांत. आणि मजुरी मोजमापावर. मजुरी मापावर असली म्हणजे मजूर स्वतःच विसावा टाळतो. सावलींत बसलेली घटका त्याच्या भाकरींतून वजा होते. या अनुभवाच्या पाठबळावर रोजगार हमीचा कायदा १९७७ सालीं झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अमलांत आला. पुढें २००५ च्या राष्ट्रीय कायद्यानें कामाच्या जागीं पिण्याचें पाणी, मुलांसाठीं सावली, विश्रांतीचा वेळ आणि प्रथमोपचाराची पेटी या गोष्टी लिहूनच दिल्या.

लोखंडे यांनीं मागितलेला अर्धा तास, खाणींनीं शिकविलेलें मीठ-पाणी, नवख्याला दिलेली सवड, यांपैकीं कशालाच मोठा खर्च नाहीं. अडचण आहे ती मजुरीच्या हिशेबाची. काम पहाटे सुरू करून भर दुपारीं थांबवावें, आणि त्या विसाव्याचा दाम मजुरींत धरावा. नाहीं तर माठ भरलेला असूनही मजूर पाण्याला उठणार नाहीं. आणि उन्हांत कोणी बरळूं लागला, त्याचा तोल जाऊं लागला, तर घाम येत असला तरी तो उष्माघात समजावा. त्याला तत्काळ सावलींत नेऊन अंगावर गार पाणी ओतावें व वारा घालीत दवाखान्यांत पोंचवावें.

भोकरच्या खडीवर बसलेल्या बाईला सूर्य आवरतां येणार नाहीं. पण तिच्या कामाची वेळ ठरविणें तर आपल्या हातीं आहे.