छोटी लाइन, बारा मिलिमीटरची



आपल्या इथे होळकरशाहीवर, वाड्यांवर, सराफ्यावर पुष्कळ लिहून झालंय. आज थोडं रुळांवर लिहितो. पोस्ट लांब आहे, सावकाश वाचा.

मी छोट्या रेल्वेगाड्यांची मॉडेलं करतो. देपालपुरात हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, "अहो, देपालपूरला रेल्वे आहे कुठे?" बरोबर आहे, गावात रेल्वे नाही. आपल्या तहसिलीचं स्टेशन गौतमपुरा रोड, आणि पुढे इंदूरच्या बाजूला फतेहाबाद चंद्रावतीगंज जंक्शन. फतेहाबाद म्हणजे 1658 साली धरमतच्या लढाईत औरंगजेबाने जसवंतसिंहाला हरवलं, त्या विजयाचं नाव. गौतमपुरा म्हणजे मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाईंचं नाव. एकाच लाइनवर ही दोन नावं येतात. माळव्याचा इतिहास शिकवायला मला ही दोन स्टेशनंच पुरतात.

आता ही लाइन आली कशी ते बघू. पुष्कळांना वाटतं, रेल्वे इंग्रजांनी बांधली, संपलं. आपल्याकडे गोष्ट वेगळी आहे. 1870 साली दुसऱ्या तुकोजीराव महाराजांनी इंदूरपर्यंत रेल्वे आणायला एक कोटी रुपयांचं कर्ज सरकारला देऊ केलं. जीआयपीची मुंबईकडून येणारी मोठी लाइन खंडव्यावरून जात होती. तिथून फाटा काढून सनावद, नर्मदा, चोरल असं करत घाट चढून महूला यायचं ठरलं. याच पैशातून 'होळकर स्टेट रेल्वे' उभी राहिली. खंडवा-सनावद हा पहिला तुकडा 1 डिसेंबर 1874 ला सुरू झाला. नर्मदेवरचा पूल 1876 मध्ये आणि खंडव्यापासून इंदूरपर्यंत सलग गाडी 1878 मध्ये.

दुसऱ्या बाजूने शिंदे सरकार पुढे आलं. ग्वाल्हेरच्या महाराजांनी 75 लाख देऊ केले आणि इंदूर ते नीमच अशी 'सिंधिया-नीमच रेल्वे' निघाली. तिचीच उज्जैनची फांदी फतेहाबादवरून, ती 1876 साली तयार झाली. म्हणजे खंडव्याची गाडी इंदूरला पोहोचायच्या आधीच आपल्या भागात इंजिनाची शिट्टी वाजली होती! 1881-82 च्या सुमारास दोन्ही लाइनी राजपुताना-माळवा रेल्वेत एक झाल्या. होळकर आणि शिंदे एकमेकांशी किती भांडले ते आपण शाळेत पाठ केलंय. त्यांच्या रुळांनी मात्र फतेहाबादला कधी भांडण केलं नाही.

खर्च कमी व्हावा म्हणून दोन्ही लाइनी मीटर गेज ठेवल्या. दोन रुळांमध्ये बरोबर एक मीटर. लॉर्ड मेयोच्या काळात स्वस्त लाइनींसाठी हे माप ठरलं, तेव्हा हिंदुस्थानात मेट्रिक मापं आणायचा विचार चालू होता. ती मापं यायला पुढे ऐंशीपेक्षा जास्त वर्षं लागली, पण रूळ तेवढे आधीच मेट्रिक होऊन बसले. आपल्याकडे सगळे हिला 'छोटी लाइन'च म्हणायचे, मीटर गेज म्हणणारा बहुधा रेल्वेचा नोकर.

आपल्या मराठी माणसांना ही लाइन जवळची वाटायचं आणखी एक कारण आहे. खंडव्यापुढे छोटी लाइन अकोला, वाशिम, हिंगोली, पूर्णा करत नांदेडकडे जायची. अजमेरहून निघालेली गाडी रतलाम, फतेहाबाद, इंदूर, महू करून थेट वऱ्हाड-मराठवाड्यात उतरायची. माळव्यातल्या किती घरांच्या सोयरिकी या लाइनीवर जमल्या असतील याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. मुलीची पाठवणी, बाळंतपणाला माहेरी जाणं, पंढरपूरला निघालेली म्हातारी माणसं, सगळं याच डब्यांतून.

आता माझ्या छंदाकडे येतो. रेल्वेचं मॉडेल करायचं म्हटलं की लोक दुकानातली गोल फिरणारी गाडी डोळ्यांसमोर आणतात. ती खेळणी झाली, चांगलीच आहेत, पण मॉडेल म्हणजे माप. जगात सगळ्यात जास्त चालतं ते एचओ स्केल, म्हणजे एकास सत्त्याऐंशी. त्यात रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर असतं, कारण युरोप-अमेरिकेची लाइन 1435 मिलिमीटरची. आपली मोठी लाइन 1676 ची. तिला 87 ने भागा, सव्वाएकोणीस येतात. म्हणजे भारतीय इंजिन एचओच्या तयार रुळांवर ठेवलं की खाली जवळजवळ तीन मिलिमीटर कमी पडतात. बघणाऱ्याला कळत नाही. पण आपल्या गाडीची ऐट तिच्या रुंद बैठकीत आहे, ती निघून जाते आणि गाडी उगाच उंच दिसते.

छोट्या लाइनीचं गणित मात्र छान जुळतं. 1000 भागिले 87, साडेअकराच्या आसपास. युरोपातल्या मीटर गेजसाठी बारा मिलिमीटरचे रूळ मिळतात, फरक अर्ध्या मिलिमीटरचा. खिसा परवानगी देत नसेल तर दुसरी वाट आहे. नऊ मिलिमीटरचे एन गेजचे रूळ घ्यायचे आणि वरचं सगळं एकास एकशेवीसच्या मापाने करायचं. हिशेबाने सव्वाआठ हवेत, नऊ चालवून घ्यायचे. मी आधी हेच केलं. अडचण अशी की इंजिन कुणी बनवत नाही. वायडीएम-4 डिझेल असो की वायपी नावाचं वाफेचं इंजिन असो, दुकानात जाऊन घ्या असं नाही. खालची मोटर आणि चाकं परदेशी, वरचं शरीर आपल्या हाताने प्लास्टिक शीट कापून.

आणि इथे माझं एक ठाम मत आहे, पटलं नाही तर भांडा. आपल्याकडचे पुष्कळ हौशी लोक इंजिनावर जीव टाकतात आणि बाजूला बर्फाचे डोंगर, लाल कौलांची जर्मन खेडी ठेवतात. तयार मिळतात म्हणून. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे, 1 एप्रिल 1998 ला सुरू झालेलं. ते जरूर बघा, मुलांना घेऊन बघा. एका मराठी माणसाने आयुष्यभराच्या हौसेतून काय उभं केलं ते कळतं. तिथे सगळ्या जगाची गंमत एका टेबलावर आहे. पण ते बघून आल्यावर प्रत्येकाने तसंच करायला नको. आपण आपलं स्टेशन करावं. इंजिन थोडं चुकलं तर चालेल, स्टेशन चुकता कामा नये.

कारण इंजिनं शिल्लक आहेत. अजमेरच्या कारखान्यात 1895 साली बनलेलं एफ-734, भारतात बनलेलं पहिलं इंजिन, आपल्याच राजपुताना-माळवा रेल्वेसाठी बनलं आणि आज दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात उभं आहे. स्टेशनांचं असं कुणी जपत नाही. 1992 पासून रेल्वेने सगळीकडे एकच गेज करायचं धोरण घेतलं आणि एकेक करून छोट्या लाइनी गेल्या. रतलाम-फतेहाबाद-इंदूर मोठी झाली, उज्जैनची फांदी काही वर्षं बंद राहून मोठी झाली. मी यावर रडणाऱ्यांतला नाही. गौतमपुऱ्याच्या माणसाला रतलामला गाडी बदलावी लागत नाही, हे चांगलंच झालं. पण त्या कामात केबिनी गेल्या, हाताने ओढायचे सिग्नलचे खटके गेले, वेताच्या कडीत टोकनचा गोळा अडकवून धावत्या ड्रायव्हरला द्यायची रीत गेली. त्यांची मापं कुणी घेतली? नकाशे कचेरीत असतील, पण खिडकीचा रंग नकाशात नसतो.

घाटाचा एक तुकडा तेवढा वाचलाय. पातालपानी ते कालाकुंड, सुमारे साडेनऊ किलोमीटर, चार बोगदे. 25 डिसेंबर 2018 पासून तिथे हेरिटेज गाडी सुरू झाली. कालाकुंडला पानाच्या द्रोणात कलाकंद मिळतो, तो सोडू नका. माझं आताचं काम याच तुकड्याचं आहे. पूर्ण मापाने करायचा तर एकास सत्त्याऐंशीतसुद्धा 109 मीटर लांब टेबल लागेल, म्हणजे देपालपुरातली एक गल्ली. म्हणून काय ठेवायचं आणि काय गाळायचं ते ठरवावं लागतं. एक बोगदा, एक उंच पूल, धबधब्याची दरी आणि टंट्या मामांचं ठाणं, एवढं ठेवलंय.

टंट्या भिल्लांना इंग्रजांनी 4 डिसेंबर 1889 ला जबलपूरला फाशी दिलं. पातालपानीजवळ त्यांचं ठाणं आहे आणि गाडी तिथे मामांना सलामी देऊनच पुढे जाते असं सगळे मानतात. रेल्वेवाले सांगतात, घाट उतरण्याआधी ब्रेक तपासायला थांबावंच लागतं. मला दोन्ही खरं वाटतं. चढ चाळीसास एक, ब्रेक तपासल्याशिवाय तिथे कोण उतरेल? आणि थांबायचंच आहे तर ड्रायव्हरने हात का जोडू नयेत? माझ्या मॉडेलमध्येही गाडी तिथे थांबते.

ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी थोडं. सामान महाग नाही. डोंगराला थर्माकोल आणि वर रद्दी कागद-फेव्हिकॉलचे थर. झाडांना वाळलेल्या घोसाळ्याची जाळी, हिरव्या रंगात बुडवून. गवताला लाकडाचा चाळलेला भुसा. जमिनीला आपली देपालपुरी काळी माती, जुन्या साडीच्या कपड्यातून दोनदा चाळून, पाणी घातलेल्या फेव्हिकॉलवर भुरभुरायची. वाळल्यावर रंग गडद होतो, म्हणून आधी तुकड्यावर करून बघायचं. परदेशी डब्यातली माती कितीही सुबक असो, माळव्याचा काळा रंग तिला येत नाही.

शेवटी एक विनंती. तुमच्या घरात कुणी रेल्वेत होतं का? फतेहाबाद, गौतमपुरा रोड, महू, चोरल, बलवाडा, कुठलंही स्टेशन. लग्नाच्या अल्बममध्ये वऱ्हाडामागे प्लॅटफॉर्म दिसत असेल, पेटीत जुनं पुठ्ठ्याचं तिकीट असेल, आजोबांचा कंदील असेल, तर फोटो काढून इथे टाका. नवरा-नवरीपेक्षा मी मागची भिंत बघणार आहे, राग मानू नका! कंदिलाशेजारी एक शाळेची पट्टी ठेवून फोटो काढलात तर माप आपोआप मिळेल. आणि ज्यांना केबिनीचा रंग, घंटेची जागा, पाण्याच्या टाकीचा आकार आठवत असेल त्यांनी दोन ओळी तरी लिहा. ती माणसं आज सत्तर-ऐंशीची आहेत. विचारायचं असेल तर या दिवाळीलाच विचारायला हवं.