परदेशी मासा नदीत सोडू नका! मांगूर, चिलापी, सकर : गावकऱ्यांना माहीत हवं ते सगळं

उजनीच्या यशवंतसागर जलाशयात जाळं टाकलं की हल्ली चिलापी भरपूर येतो. सोबत अंगावर कडक खवल्यांचं चिलखत असलेला, काळपट ठिपक्यांचा ‘सकर’ मासाही अडकतो. हे दोन्ही मासे भीमेचे नाहीत. माणसानेच आणलेले आहेत. आणि एकदा का असा मासा धरणात किंवा नदीत वाढला, की तो पूर्ण काढून टाकणं जवळपास अशक्य असतं. म्हणून तो पाण्यात जाण्याआधीच गावाला माहिती देणं हाच खरा उपाय.

कोणता मासा, काय नुकसान?

चिलापी (तिलापिया) : मूळ आफ्रिकेचा. भारतात 1952 मध्ये आणला. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्लं जास्त जगतात. देशी माशांचं खाद्य आणि जागा हा मासा बळकावतो.

मांगूर (आफ्रिकन किंवा ‘थाई’ मागूर) : झपाट्याने वाढतो, इतर मासे खातो, हवेतूनही श्वास घेतो. त्यामुळे ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या पाण्यात जाऊ शकतो. देशात याच्या पालनावर बंदी आहे. देशी मागूर सहसा लहान असतो. दोन-तीन किलोचा ‘मागूर’ बाजारात दिसला तर शंका घ्यावी.

सकर : मूळ दक्षिण अमेरिकेचा. काचपेटीतलं शेवाळ खातो म्हणून शहरात विकला जातो. जाळी फाडतो, अंडी घालायला काठात बिळं करतो, त्यामुळे काठ ढासळतो. बाजारात त्याला किंमत नाही. मच्छीमाराचं नुकसान मात्र होतं.

पाण्यात जातात कसे?

काचपेटीतला मासा मोठा झाला की “मारायचा कशाला, जीव आहे” म्हणून लोक तो विहिरीत, ओढ्यात सोडतात. भावना चांगली, पण त्या एका माशापायी शेकडो देशी माशांवर संकट येतं. दुसरा मार्ग शेततळ्याचा. पावसाळ्यात तळं भरून वाहिलं की मासे ओढ्यातून नदीत पोहोचतात. तिसरा मार्ग म्हणजे मत्स्यबीजात मिसळून आलेली पिल्लं.

काय करावं?

• काचपेटी नको झाली तर मासे दुकानदाराला परत द्या किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या.
• शेततळ्याचा बांध उंच ठेवा, सांडव्याला बारीक जाळी लावा.
• बीज खात्रीच्या केंद्रातूनच घ्या, सोडण्याआधी परातीत ओतून बघा.
• जाळ्यात सकर आला तर परत पाण्यात टाकू नका, काठापासून लांब पुरा.
• डासांसाठी गप्पी मासे आरोग्य विभागाच्या सांगण्यानुसार टाक्या-हौदातच सोडा. तेही परदेशीच आहेत, नदी-ओढ्यात नकोत.

गावाने काय करायचं?

पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. मच्छीमार संस्थेतल्या जाणत्या माणसालाच बोलायला सांगा, कारण फाटलेलं जाळं दाखवलं की भाषण लागत नाही. शाळेत मुलांना देशी आणि परदेशी माशांचे फोटो दाखवा. काचपेटीचा हट्ट मुलंच धरतात, त्यामुळे घरातही तीच सांगतील. आठवडी बाजारात, पाणवठ्यावर साध्या मराठीत फलक लावा : “पाळलेला मासा नदीत सोडू नका.”

अनोळखी मासा सापडला तर फोटो काढा, ठिकाण लिहून ठेवा आणि जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवा. ओळख पटेपर्यंत तो जिवंत दुसऱ्या पाण्यात नेऊ नका.