सुई आणि सुवर्णमुद्रा

नाण्यावर राजाची मुद्रा असावी, हा संकेत फार जुना. परंतु इ. स. ८६४ पासूनची परंपरा सांगणाऱ्या पॅरिसच्या टांकसाळीने २००८ साली सोन्यात व चांदीत जी नाणी पाडली, त्यांवर एका शिवणकाम करणाऱ्या स्त्रीचा चेहरा होता. गाब्रिएल शानेल, जगाची ‘कोको’, हिच्या जन्माला तेव्हा १२५ वर्षे झाली होती. रेखाटन तिच्याच वस्त्रगृहाचे सूत्रधार कार्ल लागरफेल्ड यांचे. दर्शनी मूल्य पाच युरो. १९२१ साली तिने काढलेल्या अत्तराचा क्रमांकही पाच. पाच युरोत ते सोने कोणी देणार नाही, हे सांगणे नलगे. ही नाणी संग्राहकांसाठीच. आपल्याकडे नाण्यांचा दागिना होतो, पुतळ्यांची माळ आपल्या आज्यांच्या गळ्यात असे. तेथे वेषभूषेचेच नाणे झाले.

आम्हांस मात्र त्या चेहऱ्यामागची पोरकी मुलगी दिसते. १८९५ साली आई वारली तेव्हा गाब्रिएल अवघी अकरा वर्षांची होती. फेरीवाल्या बापाने तिला व तिच्या बहिणींना ओबाझीन येथील धर्मभगिनींच्या अनाथाश्रमात सोडले. बाराव्या शतकातील तो दगडी मठ, पांढऱ्या भिंती, भगिनींचा काळा-पांढरा वेष! तेथेच तिच्या हाती सुई आली. पुढे पॅरिसच्या श्रीमंत स्त्रियांना तिने काळ्या रंगाचा साधेपणा शिकवला, तो कोठून आला हे शोधायला दूर जावे लागत नाही. तरी आयुष्यभर ती सांगत राहिली की आपल्याला मावश्यांनी वाढवले. अनाथपणाची लाज किती खोल रुजते, हे आमच्यासारख्या धर्मगुरूंना ठाऊक आहे. त्या असत्याबद्दल तिला दोष देणे आम्हांस जड जाते.

दुसऱ्या महायुद्धातील तिच्या वर्तनाबाबत मात्र तसे म्हणवत नाही. पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असताना तिने एका जर्मन अधिकाऱ्याशी संबंध ठेवला. १९४१ साली, ज्यूंची मालमत्ता हिरावणाऱ्या कायद्यांचा आधार घेऊन, अत्तराच्या धंद्यातील आपल्या ज्यू भागीदारांचा हिस्सा बळकावण्याचा प्रयत्न केला. तो फसला. १९४४ साली तिची चौकशी झाली आणि ती सुटली. टांकसाळीने तिची कला गौरवली, हे मान्य. पण राष्ट्राच्या नाण्यावर चेहरा कोरताना हा इतिहास विसरला गेला, असे आम्हांस वाटते.

१९५४ साली तिने आपले वस्त्रगृह पुन्हा उघडले. १९७१ साली ती वारली आणि स्वित्झर्लंडमधील लोझान येथे तिला पुरण्यात आले. थडग्याच्या दगडावर सिंहांची मुखे कोरली आहेत, तीही पाचच.