फिरंग (तलवार)

फिरंग अथवा फिरंगी तलवार हा सरळ व लांब पात्याच्या तलवारीचा एक प्रकार आहे. सतराव्या व अठराव्या शतकांत मराठी सैन्यात तो विशेष प्रचलित होता. पाते युरोपीय बनावटीचे किंवा त्याबरहुकूम देशात घडवलेले आणि मूठ मात्र देशी, अशी या तलवारीची ओळख आहे. युरोपीयांना, विशेषतः पोर्तुगिजांना, फिरंगी म्हणत. त्यावरून हे नाव रूढ झाले.

पाते आणि मूठ

फिरंगेचे पाते बहुधा एकधारी आणि सुमारे ९० सेंमी किंवा त्याहून थोडे अधिक लांब असते. दुधारी पातीही आढळतात. खंजीर किंवा कट्यार यांच्याप्रमाणे हे शस्त्र एकाच कारागिराच्या हातून तयार झालेले असेलच असे नाही. चांगल्या पोलादाचे पाते मुठीपेक्षा अधिक काळ टिकते. त्यामुळे जुन्या पात्यावर नवी मूठ बसवून ते पुढील पिढीत वापरात ठेवता येत असे.

युरोपीय तलवारीत पात्याचे निमुळते शेपूट मुठीतून आरपार जाऊन टोकाशी ठोकलेले असते. देशी कारागीर खांड्याच्या घाटाची मूठ वापरीत. तिच्यातून पुढे निघालेल्या दोन पट्ट्यांमध्ये पाते धरून रिव्हेट ठोकले जात. काही वेळा पात्याच्या पाठीवरही आधाराची पट्टी बसवली जाई. साध्या तलवारीच्या पोकळ मुठीत शेपूट राळेने पक्के करीत. राळ तापवली की पाते सुटे होते, म्हणून ही पद्धत दुरुस्तीस सोयीची होती.

या बदलाने शोभेपलीकडेही बरेच काही साधत असे. रुंद परजेमुळे हाताचे रक्षण होई. मुठीच्या मागून निघणारा लोखंडी गज दुसऱ्या हाताने धरून दुहाती वार करता येई. धार आणि पोलाद तेच राहून हाताळणी मात्र पूर्ण बदले.

अशा तलवारीचा काळ ठरवताना पाते आणि मूठ यांचा स्वतंत्र विचार करावा लागतो. पात्यावरील युरोपीय ठसा तलवारीच्या शेवटच्या मालकाविषयी काहीच सांगत नाही. कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याने १८७५-७६ च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्स एडवर्ड यांना दिलेली ‘जगदंबा’ तलवार याच जातीची आहे. तिचे पाते युरोपीय असून मूठ रत्नजडित आहे. ती आज ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे.

रघुजी भोसले यांची फिरंग

नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक रघुजी भोसले (पहिले) यांची फिरंग या परंपरेचे ठळक उदाहरण मानता येईल. त्यांना छत्रपती शाहू महाराजांनी ‘सेनासाहेब सुभा’ हा किताब दिला होता. तलवारीचे पाते सरळ, एकधारी व युरोपीय बनावटीचे असून मूठ मुल्हेरी घाटाची, सोन्याचे नक्षीकाम केलेली आहे. पात्याच्या पाठीवर रघुजींचे नाव, किताब आणि ‘फिरंग’ हा शब्द देवनागरीत सोन्याने कोरलेला आहे. परदेशी पात्यास मराठी मालकी मिळाली ती या अक्षरांनी. लेख मालकी सिद्ध करतो. तलवार कोणत्या लढाईत वापरली, हे मात्र त्यावरून ठरत नाही.

लाखांदूरसह आजचा भंडारा जिल्हा भोसल्यांच्या नागपूर राज्यात मोडत असे. हे राज्य १८५४ मध्ये इंग्रजांनी खालसा केले. एप्रिल २०२५ मध्ये लंडन येथील सोदबीजच्या लिलावात ही तलवार महाराष्ट्र शासनाने ४७.१५ लाख रुपयांस मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आणण्यात आली.

खेळांतील रूप

वारशाने आलेले शस्त्र टाकून न देता तेच वाढवत नेण्याची कल्पना टेबलावरील भूमिकाखेळांतही आढळते. ‘अर्थडॉन’ (१९९३) या खेळात शस्त्राची पुढील शक्ती मिळवण्यासाठी त्याचे नाव, निर्माता व इतिहास पात्राला शोधून काढावे लागतात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’साठी २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘वेपन्स ऑफ लेगसी’ या पुस्तकात तर प्रत्येक टप्प्यावर विधी करावा लागतो आणि वाढत्या सामर्थ्याच्या मोबदल्यात धारकाच्या स्वतःच्या काही क्षमता घटतात.