रजिस्टरमधून खोडलेलं नाव

आमच्या क्षेत्रात ‘एम्प्लॉयी नंबर वन’ला भारी मान असतो. कंपनी शेअर बाजारात गेली की हा माणूस कोट्यधीश होतो, आणि नाहीच गेली तर निदान कॅन्टीनमध्ये नव्या पोरांना जुन्या गोष्टी सांगायला मोकळा होतो. इंग्लंडमधल्या नर्सेसच्या सरकारी रजिस्टरमध्येही असा एक नंबर एक आहे : एथेल गॉर्डन फेनविक. १९२१ साली रजिस्टर उघडलं तेव्हा पहिलं नाव या बाईंचं लागलं. हे रजिस्टर व्हावं म्हणून त्या १८८७ पासून भांडत होत्या. म्हणजे ३४ वर्षं! आमच्याकडे एखादी रिक्वायरमेंट ३४ दिवस लटकली तरी मॅनेजरचं बीपी वाढतं.

पण आज मला त्या रजिस्टरमध्ये नाव कसं चढतं यापेक्षा ते कसं खोडलं जातं याबद्दल लिहायचंय. कारण फेनविकबाईंच्या भांडणाचा खरा गाभा तोच होता.

त्या काळची परिस्थिती अशी, की कुणीही बाई टोपी आणि एप्रन चढवून ‘मी नर्स’ म्हणू शकत होती. एखाद्या हॉस्पिटलनं चोरी केली, दारू प्यायली, रुग्णाला मारलं म्हणून हाकललं तर ती पुढच्या गावात दुसरं काम धरायची. विचारणार कोण आणि कुणाला? डॉक्टरांसाठी १८५८ च्या कायद्यानं रजिस्टर झालेलं होतं, आणि गंभीर गैरवर्तन केलेल्या डॉक्टरचं नाव त्यातून काढता येत होतं. फेनविकबाईंचं म्हणणं साधं होतं : आम्हालाही तसंच द्या. बाई मोठ्या वजनदार. वयाच्या २४ व्या वर्षी लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलच्या मेट्रन झाल्या होत्या. १८८७ मध्ये डॉ. बेडफर्ड फेनविक यांच्याशी लग्न करून त्यांनी मेट्रनपद सोडलं आणि त्याच वर्षी ब्रिटिश नर्सेस असोसिएशन काढली.

आता गंमत बघा. या रजिस्टरला सगळ्यात मोठा विरोध कुणाचा असावा? फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा!

शाळेत आपण ‘दिवा घेतलेली देवी’ एवढंच शिकतो, त्यामुळे हे वाचून मी जरा चक्रावलोच होतो. पण नाइटिंगेलबाईंचा मुद्दा बिनतोड होता. रजिस्टरमध्ये काय लिहिणार, तर अमुक बाई तमुक परीक्षा पास झाली. पण नर्स चांगली की वाईट हे परीक्षेत कळतच नाही. ते रोजच्या कामात, तिच्या स्वभावात कळतं, आणि ते बघणारी मेट्रन तिथे हजर असावी लागते. शिवाय आज चांगली असलेली नर्स पाच वर्षांनीही चांगलीच असेल याची खात्री रजिस्टर कुठून देणार? सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये १८६० साली सुरू झालेल्या त्यांच्या शाळेत प्रत्येक शिकाऊ नर्सचा दर महिन्याला एक तक्ता भरला जायचा. वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, टापटीप, वॉर्ड सांभाळण्याची हातोटी अशी त्यातली सदरं. (आपल्या अप्रेझल फॉर्मची पणजीच ही. फक्त तो तक्ता महिन्याला भरायचे आणि भरणारी व्यक्ती खरोखर काम बघत असे.)

ही लढाई बरीच गाजली. १८९३ मध्ये असोसिएशनला राजाज्ञेनं सनद मिळाली, पण ‘रजिस्टर’ हा शब्द वापरायची परवानगी मिळाली नाही, फक्त नावांची ‘यादी’ ठेवा म्हणाले. तिकडे न्यूझीलंडनं १९०१ मध्ये नर्सनोंदणीचा कायदा करूनही टाकला. इंग्लंडमध्ये मात्र नाइटिंगेलबाई १९१० साली वारल्या, मग महायुद्ध आलं, आणि अखेर डिसेंबर १९१९ मध्ये कायदा झाला. जनरल नर्सिंग कौन्सिल स्थापन झाली, तिला नाव चढवायचा आणि काढायचा दोन्ही अधिकार मिळाले, आणि नाव काढल्यास कोर्टात दाद मागायची सोयही झाली. फेनविकबाईंचं नशीब बघा, कौन्सिलची पहिली निवडणूक झाली त्यात त्या हरल्या. असो.

१९४३ च्या कायद्यानं या रजिस्टरच्या शेजारी दुसरी एक यादी आली, ‘रोल’. कमी मुदतीचं, दोन वर्षांचं प्रॅक्टिकल शिक्षण घेतलेल्या नर्सेसची. आपल्याकडे एएनएम आणि जीएनएम असा भेद आहे ना, साधारण तसंच. कॅरिबियन बेटांमधून आलेल्या कित्येक मुलींना, पात्रता असूनही, या खालच्या यादीच्या कोर्सला ढकललं गेलं. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. इथे सांगायचं ते एवढंच, की यादी वरची असो वा खालची, खोडरबर दोन्हीकडे होतं. हाच साचा ब्रिटिश अमलाबरोबर जगभर गेला. आपल्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमागचा १९६६ चा कायदा वाचलात तर नोंद, गैरवर्तन, चौकशी आणि नाव काढणं ही सगळी मंडळी तिथेही भेटतील.

आता एका अशा घटनेकडे येतो जिथे नाइटिंगेलबाईंची शंका अत्यंत भयानक रीतीनं खरी ठरली. १९९१ चा फेब्रुवारी ते एप्रिल. ग्रँथम नावाच्या छोट्या गावातल्या हॉस्पिटलचा मुलांचा वॉर्ड. बेव्हर्ली ॲलिट नावाची तरुण नर्स तिथे कामाला लागली. ती या खालच्या यादीतलीच, म्हणजे ‘एन्रोल्ड’ नर्स. परीक्षा पास, नोंद व्यवस्थित, कागदावर एकही डाग नाही. दोन महिन्यांत वॉर्डात एकामागून एक मुलं अचानक अत्यवस्थ व्हायला लागली. एका मुलाच्या रक्तात प्रचंड प्रमाणात इन्सुलिन सापडलं आणि शेवटी पोलिसांना बोलावलं गेलं. १९९३ मध्ये चार मुलांच्या खुनासाठी आणि इतर नऊ जणांवरच्या हल्ल्यांसाठी तिला १३ जन्मठेपा झाल्या. पुढच्या वर्षी क्लोथियर समितीचा अहवाल आला. शिकत असताना तिची आजारपणाची रजा विलक्षण जास्त होती, याकडे त्यात बोट दाखवलं होतं. हे एखाद्या मेट्रनच्या मासिक तक्त्यात दिसलं असतं की नाही हे सांगणं कठीण आहे. यादीत मात्र दिसण्यासारखं काही नव्हतं.

यादीला स्वतःचे डोळे नसतात. तिच्याकडे कुणीतरी तक्रार करावी लागते. म्हणजे पुढचा प्रश्न असा, की तक्रार कोण करतं आणि केल्यावर त्याचं काय होतं.

ग्रॅहम पिंक हे स्टॉकपोर्टच्या स्टेपिंग हिल हॉस्पिटलात रात्रपाळीचे नर्स होते. वॉर्ड वृद्ध रुग्णांचा. रात्री माणसं इतकी कमी, की कुणाला पाणी द्यावं आणि कुणाचं अंथरूण बदलावं हेच ठरवता येऊ नये. १९८९ पासून त्यांनी पत्रं लिहायला सुरुवात केली. आधी हॉस्पिटलच्या अधिकाऱ्यांना, मग त्यांच्या वरच्यांना, मग थेट पंतप्रधानांपर्यंत. १९९० च्या एप्रिलमध्ये ‘गार्डियन’नं त्यातले उतारे छापले आणि देशभर चर्चा झाली. परिणाम? पिंक निलंबित, आणि १९९१ मध्ये बडतर्फ. आरोपांत एक होता रुग्णाच्या गोपनीयतेचा भंग. नाव कुठेच छापलं नव्हतं, पण वर्णनावरून ओळख पटू शकत होती म्हणे. १९९३ मध्ये लवादासमोर मालक पक्षानं लढत सोडली आणि त्यांना भरपाई दिली. या प्रकरणाची, आणि अशाच इतर काही प्रकरणांची, चर्चा पुढे १९९८ च्या ‘जागल्यां’ना संरक्षण देणाऱ्या कायद्यापर्यंत जात राहिली.

कायदा झाला म्हणजे प्रश्न मिटला असं वाटत असेल तर मार्गारेट हेवुडची गोष्ट ऐका.

हेवुडबाई २० वर्षांहून जास्त अनुभव असलेल्या नर्स. २००४ च्या अखेरीस त्या ब्रायटनच्या रॉयल ससेक्स हॉस्पिटलात पाळ्या करू लागल्या, अंगावर बीबीसीचा छुपा कॅमेरा लावून. जुलै २००५ मध्ये ‘पॅनोरमा’वर कार्यक्रम दाखवला गेला. त्यात काय होतं? वेदनेनं कण्हणारे म्हातारे, मदतीची वाट बघत ताटकळलेले रुग्ण, तहानलेले, ओल्या अंथरुणात पडून राहिलेले. हॉस्पिटलनं त्यानंतर जाहीर माफी मागितली. ज्या रुग्णांचे चेहरे दिसले त्यांची किंवा त्यांच्या घरच्यांची परवानगी प्रक्षेपणाआधी घेतलेली होती.

आणि मग तक्रार नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलकडे गेली. २००२ पासून रजिस्टर या संस्थेच्या ताब्यात आहे. १६ एप्रिल २००९ रोजी मंडळानं निकाल दिला : हेवुडबाईंचं नाव रजिस्टरमधून काढा. रुग्णांच्या नकळत चित्रण करून त्यांनी गोपनीयतेचं कर्तव्य मोडलं, आणि वॉर्डमधली परिस्थिती वाईट असली तरी योग्य मार्गानं वर दाद मागायला हवी होती, असं मंडळाचं म्हणणं.

माझं प्रामाणिक मत सांगतो. मंडळाचा मुद्दा अगदीच फुटकळ नव्हता. आपली आजी शेवटच्या आजारात असताना नर्सच्या गणवेशाखाली कॅमेरा आहे हे मला तरी पचलं नसतं. परवानगी नंतर घेतली, चित्रण आधी झालं, हेही खरं. पण शिक्षा कोणती, तर सगळ्यात मोठी! चोरीला, मारहाणीला जी तीच. यात मला काहीतरी मुळातूनच वाकडं वाटतं. शिस्तभंगाच्या सुनावणीत एक व्यक्ती, एक कृत्य आणि आचारसंहितेतलं एक कलम एवढंच समोर असतं. गोपनीयतेचं कलम स्पष्ट लिहिलेलं, कॅमेरा फिरवल्याचं हेवुडबाई स्वतः मान्य करतायत, पुरावा तर अख्ख्या देशानं टीव्हीवर पाहिलेला. केस सोपी. याउलट एका वॉर्डात सहा महिने म्हाताऱ्यांना पाणी मिळालं नाही, हे कुणा एकाचं कृत्य? ते कुठल्या तारखेला घडलं? बग कुणाच्या नावावर असाइन करायचा? नाही करता आला, की तो तसाच पडून राहतो. आपल्या ऑफिसात हे आपण रोज बघतो, फक्त आपल्याकडे त्यानं कुणी मरत नाही.

निकालावर गदारोळ झाला. रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंगनं सह्यांची मोहीम काढली आणि ४०,००० हून जास्त लोकांनी सह्या केल्या. १९१९ च्या कायद्यापासून चालत आलेली ती कोर्टात जायची सोय इथे कामी आली. ऑक्टोबर २००९ मध्ये हाय कोर्टात ही शिक्षा रद्द होऊन त्याजागी एक वर्षाची ताकीद आली. नाव परत रजिस्टरवर.

पण मला जास्त अस्वस्थ करते ती तारीख. हेवुडबाईंचं नाव काढलं एप्रिल २००९ मध्ये. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, मार्च २००९ मध्ये, स्टॅफर्डच्या हॉस्पिटलवरचा हेल्थकेअर कमिशनचा अहवाल आला होता. मिड स्टॅफर्डशायर म्हणून जे प्रकरण पुढे गाजलं तेच. आपत्कालीन विभागात येणाऱ्या रुग्णांची पहिली तपासणी तिथे वैद्यकीय शिक्षण नसलेल्या रिसेप्शनिस्ट करत होत्या. हृदयाचे मॉनिटर नर्सेसना वापरता येत नाहीत म्हणून बंद ठेवले जात होते. एकीकडे हे वाचून देश हादरलेला, आणि दुसरीकडे नर्सेसचं शिस्त मंडळ असा प्रकार बाहेर आणणाऱ्या बाईचं नाव खोडत होतं.

स्टॅफर्डमध्येही बोलणारी एक नर्स होती, हेलीन डॉनली. त्या काळी इंग्लंडात नियम होता की आपत्कालीन विभागात आलेल्या १०० पैकी ९८ रुग्णांचा चार तासांत निकाल लागला पाहिजे. दाखल तरी करा, नाहीतर घरी तरी पाठवा. ज्यानं कधी एसएलएचे आकडे महिनाअखेरीस हिरवे केलेत त्याला पुढचं सांगायची गरज नाही. :-) वेळा बदलून लिहिल्या जायच्या. डॉनलीबाईंनी जवळपास शंभर तक्रारी नोंदवल्या. त्यांना धमक्या आल्या. पाळी संपल्यावर अंधारात एकटीनं गाडीपर्यंत चालत जायची भीती वाटायची, म्हणून घरचं कुणीतरी न्यायला यायचं, असं त्यांनी नंतर चौकशी आयोगापुढे सांगितलं. रॉबर्ट फ्रान्सिस यांचा तो मोठा अहवाल २०१३ च्या फेब्रुवारीत आला.

त्याच वर्षी जुलैमध्ये, वेळा खोट्या लिहायला लावल्याबद्दल, त्या विभागातल्या दोन सिस्टर्सची नावं रजिस्टरमधून काढली गेली. डॉनलीबाई २००८ मध्येच ते हॉस्पिटल सोडून गेल्या होत्या, आणि हेवुडबाईंची वर्षाची ताकीद संपूनही तोवर पावणेतीन वर्षं झाली होती.