मेंदूची जात आणि पालीची आवणी

‘आमचा धाकटा राइट ब्रेनचा आहे, त्याच्यामागे गणिताचा लकडा लावू नका,’ असे पालक आता शिक्षकांना बिनदिक्कत सांगतात. पूर्वपक्ष असा, की मेंदू दोन जातींचे असतात. डावी बाजू प्रबळ असेल तर तर्क, हिशेब आणि शिस्त. उजवी असेल तर कल्पना, चित्र आणि संगीत. ही जात जन्माबरोबर येते, चाचणीत कळते, आणि शिक्षण तिच्या बेताने द्यावे. बोटांच्या ठशांवरून मुलाचा कल सांगणारी डीएमआयटी ही याच पंथातली.

ठशांचा निकाल आधी लावू. समर्थक म्हणतात, त्वचा आणि मज्जासंस्था गर्भाच्या एकाच बाह्य थरातून घडतात, म्हणून ठशांत मेंदू वाचता येतो. पहिला भाग त्वचेच्या वरच्या थरापुरता खरा आहे. पण केस, नखे आणि दातांवरचे एनॅमलही त्याच थरातून येते, आणि नखे पाहून कोणी इंजिनिअरिंग सुचवत नाही. यावर अधिक शाई खर्च करण्याचे कारण नाही.

डाव्या-उजव्याचे प्रकरण इतके पोकळ नाही. त्यामागे रॉजर स्पेरी यांचे संशोधन आहे, आणि त्यांना १९८१ साली नोबेल मिळाले आहे. त्यांनी अभ्यासलेले रुग्ण अपस्माराचे होते. मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांना जोडणारा तंतूंचा पूल शस्त्रक्रियेने तोडल्यावर दोन्ही बाजू काय काय वेगळे करतात ते त्यांच्यात दिसले. बहुतेकांचे भाषेचे काम डावीकडे चालते, हेही निर्विवाद. मात्र ‘अमुक काम एका बाजूला चालते’ यावरून ‘अमुक माणूस एका बाजूचा आहे’ हे निघत नाही, आणि लोकप्रिय मताने उडी मारली आहे ती नेमकी इथे. यूटा विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये ७ ते २९ वयाच्या १,०११ जणांच्या मेंदूंची चित्रे तपासली. सुट्या सुट्या कामांचा कल एका बाजूला दिसला; पण ज्याचा सगळाच मेंदू डावा किंवा उजवा म्हणावा असे काही आढळले नाही. ‘बघून शिकणारा, ऐकून शिकणारा’ या वर्गवारीची गतही २००८ मध्ये हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांच्या आढाव्यात अशीच झाली. मुलाच्या शैलीप्रमाणे शिकवल्याने ते अधिक शिकते, याचा पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही.

प्रतिपक्षाचे सर्वांत भक्कम प्रमाण मात्र त्याच्या जाहिरातींत सहसा नसते, म्हणून ते मीच मांडतो. जॉन कूनिओस आणि मार्क बीमन यांनी शब्दकोडी सोडवणाऱ्यांच्या मेंदूलहरी टिपल्या. उत्तर एकदम सुचते, त्याच्या सुमारे एक तृतीयांश सेकंद आधी उजव्या कानाच्या वरच्या भागात हालचाल उसळते. आणि त्याच्याही आधी मागच्या, दृष्टीच्या भागात अल्फा लहरी वाढतात, जणू डोळ्यांकडून येणारी आवक क्षणभर आवरली जाते. पुढच्या प्रयोगात तर माणसे नुसती स्वस्थ बसलेली असतानाच्या लहरींतही फरक सापडला: एकदम सुचणाऱ्यांच्या वेगळ्या, पायरी-पायरीने जाणाऱ्यांच्या वेगळ्या. म्हणजे विचाराची शैली, लक्ष आणि मेंदूची हालचाल यांचे नाते आहेच. ते नाकारणारा टीकाकार आळशी म्हणावा लागेल.

मग ‘जात’ का मानायची नाही? कारण याच प्रयोगांत एकच माणूस काही कोडी झटक्यात आणि काही चाचपडत सोडवत होता. शिवाय ज्यांची मनःस्थिती प्रसन्न होती, त्यांना उत्तरे एकदम सुचण्याचे प्रमाण अधिक होते. फरक आहे तो झुकावाचा, तोही गटांच्या तुलनेत दिसणारा आणि एका विशिष्ट प्रकारच्या कोड्यांपुरता. त्यावरून एका मुलाची शाखा ठरवता येत नाही.

राजगडाचा पाली दरवाजा ज्या गावाच्या नावाने ओळखला जातो, त्या पुणे जिल्ह्यातल्या, पूर्वीच्या वेल्हे तालुक्यातल्या पालीकडे पाहा. तिथली बाई भाताच्या आवणीला उभी असते तेव्हा हात रोपांत असतात. नजर मात्र खाचरातल्या पाण्यावर, बांध कुठे फुटतोय त्यावर, आणि डोंगराआडून चढणाऱ्या सरीवर असते. लक्ष पसरलेले. तीच बाई संध्याकाळी बचत गटाची वही घेऊन बसली की एकेका ओळीवर बोट ठेवून बेरीज तपासते. लक्ष एकवटलेले. हिला कोणत्या मेंदूची म्हणायचे? आपल्या नैयायिकांनी मनाला अणू मानले आणि ते एका वेळी एकाच इंद्रियाशी जोडले जाते असे सांगितले. शरीरशास्त्र म्हणून ते आज टिकणार नाही, पण लक्ष ही हलती गोष्ट आहे एवढे त्यांना दिसले होते.

लक्षाची सवय जगण्यातून लागते, याला भारतातले प्रमाण आहे. रमेश मिश्र, दुर्गानंद सिन्हा आणि जॉन बेरी यांनी तत्कालीन बिहारमधील बिरहोर, असुर आणि उराँव समाजांचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. उपजीविका आणि शाळा-शहराशी आलेला संपर्क, या दोहोंचा विचारशैलीशी संबंध त्यात दिसतो. शाळेमुळे जी विचारशैली बदलू शकते, तिला जन्मजात म्हणून शाळेनेच शरण का जावे?

खेदाची गोष्ट ही, की पुणे जिल्ह्याला याहून चांगली परंपरा घरचीच आहे. आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली सुरू केलेल्या ज्ञान प्रबोधिनी या संस्थेने मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांच्या बुद्धिरचनेच्या सिद्धान्तावर चाचण्या उभारल्या. त्या सिद्धान्ताच्या प्रसिद्ध रूपात १२० क्षमता आहेत. त्यावरही टीका झाली, आणि ती बरीचशी रास्त होती. पण १२० घरांचा तो पट मुलाला दोनच खोक्यांत कोंबत नव्हता, आणि क्षमता सरावाने वाढवता येतात हे गृहीत धरत होता. त्याच प्रबोधिनीचे काम वेल्ह्याच्या गावांत, बायकांच्या बचत गटांतही आहे.

तेव्हा पालकांना विनंती इतकीच: ठशांच्या अहवालासाठी पैसे मोजू नका. चाचणी करायचीच असेल तर प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाकडून करून घ्या, आणि दोन-तीन वर्षांनी ती पुन्हा करा.