विद्याधन

विद्याधन : विद्येच्या बळावर संपादन केलेली संपत्ती, हिंदू विधीतील एक संज्ञा. एकत्र कुटुंबातील वडीलधाऱ्यांनी मुलाच्या शिक्षणावर केलेल्या खर्चामुळे त्याच्या पुढील मिळकतीत कुटुंबाला हिस्सा पोहोचतो काय, हा या संज्ञेशी निगडित असलेला मुख्य प्रश्न होय.

मनुस्मृतीने विद्याधन हे मिळविणाऱ्याचे स्वतंत्र धन मानले. मात्र ते पितृधनाला तोशीस न लावता मिळविलेले असावे, अशी अट विज्ञानेश्वराने मिताक्षरेत घातली. कात्यायनानेही परान्नावर राहून परक्याकडून घेतलेल्या विद्येचे फळ तेच विद्याधन, अशी व्याख्या केली.

इंग्रजी अमदानीत शिक्षण खर्चिक झाले व त्यातून वकिली, वैद्यकी, सरकारी नोकरी असे नवे उत्पन्नमार्ग खुले झाले. त्यामुळे हा प्रश्न न्यायालयांपुढे वारंवार येऊ लागला. मुंबई उच्च न्यायालयाने १८८२ मध्ये सामान्य शिक्षण आणि व्यवसायाचे विशेष शिक्षण यांत भेद करून पहिल्यामुळे कुटुंबाला हक्क मिळत नाही, असे ठरविले. उलट, १९२१ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने गोकलचंद खटल्यात, कौटुंबिक पैशावर विशेष शिक्षण घेतलेल्या एका आय्. सी. एस्. अधिकाऱ्याची मिळकत एकत्र कुटुंबाची ठरविली.

या निर्णयावर उपाय म्हणून मुकुंदराव जयकर यांच्या प्रयत्नाने १९३० चा हिंदू विद्याधन अधिनियम संमत झाला. शिक्षण प्राथमिक असो वा विशेष, त्याचा खर्च किंवा शिक्षणकाळातील निर्वाह कुटुंबाने केला, एवढ्याच कारणावरून मिळकत सामाईक ठरणार नाही, असे त्याने स्पष्ट केले. शिकलेल्या मुलाची कमाई त्याची स्वतःची ठरली. वडिलोपार्जित मालमत्तेतील त्याचा हिस्सा मात्र कायम राहिला. त्याच्या शिक्षणासाठी झीज सोसणाऱ्या व शेतीवर राहिलेल्या भावांना त्या कमाईत वाटा उरला नाही.

वृद्ध मातापित्यांच्या पोषणाचे पुत्राचे कर्तव्य या अधिनियमाने बाधित झाले नाही. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमाने ते कन्येवरही टाकले. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील तशाच तरतुदीखाली विवाहित कन्याही जबाबदार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये ठरविले. मातापिता व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासाठी २००७ मध्ये स्वतंत्र अधिनियम झाला. तथापि या सर्व तरतुदींचा आधार मातापित्यांची गरज व असमर्थता हा आहे. त्यांनी शिक्षणावर केलेला खर्च नव्हे. अशा रीतीने मुलाच्या कमाईवरील वडील पिढीच्या दाव्याचे स्वरूप हिस्सेदारीकडून निर्वाहाकडे वळले.